बसते, पण चालते का?

मुंबईत सीएसएमटी स्टेशनातून बाहेर पडून बोराबाजाराकडे वळले की कॅमेऱ्यांची दुकाने लागतात. तिथल्या काउंटरवर सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न एकच: "ही माझ्या कॅमेऱ्याला बसेल का?" उत्तरही तयार असते. "बॉडी कुठली, निकॉनची ना? मग बसणार." लेन्स बॉडीवर टेकते, थोडी फिरते, 'टक्' असा आवाज येतो आणि व्यवहार पुरा होतो. हे पुस्तक त्या 'टक्'नंतर काय होते याविषयी आहे.

गेली वीसेक वर्षे मी वाइड अँगल लेन्स वापरतो आहे आणि त्यांतल्या बहुतेक कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीच्या नाहीत. सिग्मा, टॅमरॉन, टोकिना, साम्यांग, फोइग्टलेंडर, लाओवा या बाहेरच्या कंपन्यांच्या आहेत, ज्यांना आपण सरसकट 'थर्ड पार्टी' म्हणतो. किंमत हे त्याचे पहिले कारण, ते लपवण्यात अर्थ नाही. पण तेवढेच नाही. टोकिनाची ११-१६ मिमी एफ/२.८ ही लेन्स २००८ मध्ये आली तेव्हा क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी एवढी वाइड आणि एफ/२.८ उघडणारी झूम लेन्स ना कॅननकडे होती ना निकॉनकडे. वेरूळच्या कैलास लेण्याच्या प्रांगणात उभे राहून पाहा. पाठ मागच्या कातळाला टेकते आणि तरी शिखर फ्रेममध्ये मावत नाही. मंगल कार्यालयातल्या स्टेजवर, वाड्याच्या चौकात, वारीच्या गर्दीत मागे सरकायला जागाच नसते. वाइड ही अशा ठिकाणची गरज असते आणि ती गरज बाहेरच्या कंपन्यांनी फार वर्षे निष्ठेने भागवली आहे. म्हणून हे पुस्तक त्यांच्या विरोधात नाही. त्यांच्या लेन्स नीट वापरता याव्यात एवढ्याचसाठी ते आहे.

'बसते' आणि 'चालते' हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, तिथून सगळे घोटाळे सुरू होतात. मला हा फरक एका रात्री कळला.

मार्च महिना, अमावास्या, हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याजवळ पहाटेचे तीन. आकाशगंगेचा गाभा वर यायला लागला होता. माझ्याकडे नवा मिररलेस कॅमेरा होता आणि आधीच्या निकॉन बॉडीसाठी घेतलेली १४ मिमीची लेन्स. दोन्हींच्या मध्ये अडॅप्टर. अडॅप्टर कोणाचा ते इथे महत्त्वाचे नाही. दुकानात तो लावून मी भर उन्हात रस्त्याचे फोटो काढले होते, एफ/८ वर, आणि ते स्वच्छ आले होते. गडावर लेन्स एफ/२.८ वर उघडली, फोकसची रिंग अनंताच्या खुणेपर्यंत, म्हणजे अगदी शेवटपर्यंत फिरवली आणि दीडशेच्या वर फ्रेम काढल्या. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळे ठीक दिसत होते. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडले तर एकही तारा टिंबासारखा नव्हता. सगळ्यांच्या गोल टिकल्या झाल्या होत्या, आणि उजवीकडच्या टिकल्या डावीकडच्यांपेक्षा मोठ्या होत्या.

पुढच्या आठवड्यात तो अडॅप्टर घेऊन मी भोसरीतल्या एका ओळखीच्या टर्नरकडे गेलो. त्याने मायक्रोमीटर काढला आणि चार ठिकाणी जाडी मोजली. हवी होती २८.५० मिमी. निघाली २८.६१, २८.५८, २८.६३, २८.६०. म्हणजे अडॅप्टर साधारण एक दशांश मिलिमीटर जाड होता आणि किंचित तिरपाही होता. टर्नरच्या भाषेत ही चूक मोठी नाही, पण लेन्सच्या भाषेत काय होते ते पाहा.

प्रत्येक माउंटचे एक ठरलेले अंतर असते. बॉडीच्या धातूच्या कड्यापासून सेन्सरपर्यंत किंवा फिल्मपर्यंत किती जागा आहे, ते. त्याला फ्लँज अंतर म्हणतात. निकॉनच्या एफ माउंटचे ते ४६.५ मिमी आहे, कॅनन ईएफचे ४४ मिमी, सोनी ई माउंटचे १८ मिमी. निकॉनची लेन्स सोनीच्या बॉडीवर लावायची तर मधले २८.५ मिमी अडॅप्टरने भरून काढायचे, इतके ते सरळ आहे. आता लेन्स या जागेपेक्षा दशांश मिलिमीटर पुढे गेली तर? शाळेतल्या पदार्थविज्ञानाने याचे उत्तर मिळते. फोकल लेंथचा वर्ग करायचा आणि त्याला चुकीने भागायचे. २०० मिमीची लेन्स असेल तर ४०,००० भागिले ०.१, म्हणजे ४ लाख मिलिमीटर, म्हणजे ४०० मीटर. अनंतावर ठेवलेली लेन्स ४०० मीटरवर फोकस करेल. फारसे कोणाच्या लक्षातही येणार नाही. १४ मिमीची लेन्स घेतली तर १९६ भागिले ०.१, म्हणजे १९६० मिलिमीटर. जेमतेम दोन मीटर. मी ताऱ्यांचे फोटो काढतो आहे असे मला वाटत होते आणि माझी लेन्स हात लांब करून टेकता येईल अशा कातळावर फोकस करून बसली होती. रिंग आणखी फिरवावी तर ती आधीच शेवटाला टेकलेली.

मग दुकानातले फोटो चांगले का आले? कारण एफ/८ वर लेन्सचे तोंड लहान असते आणि एवढी चूक त्यात झाकली जाते. एफ/२.८ वर ती उघडी पडते. "वाइडला काय, सगळेच शार्प येते" असे आपण एकमेकांना सांगत आलो आहोत. ते लेन्सच्या पुढच्या बाजूला खरे आहे. सेन्सरच्या बाजूला वाइड लेन्सइतके हट्टी दुसरे काही नाही. माउंट, अडॅप्टर, जुळणी यांची चर्चा मी मुद्दाम वाइडपुरती मर्यादित ठेवली आहे, त्याचे हे कारण. टेलिफोटोला जे खपते ते इथे खपत नाही.

याचीच दुसरी बाजू पुस्तकात सविस्तर आली आहे. लेन्स अनंतापर्यंत पोहोचलीच नाही अशी तक्रार येऊ नये म्हणून पुष्कळ अडॅप्टर मुद्दाम थोडे पातळ बनवतात. मग लेन्स अनंताच्याही पलीकडे जाते. चित्र मिळते, पण रिंगवरच्या खुणा खोट्या होतात. दशांश मिलिमीटर पातळ अडॅप्टरवर १४ मिमी लेन्सचे खरे अनंत रिंगवरच्या दोन मीटरच्या खुणेपाशी येते. खुणेवर भरवसा ठेवून अंधारात काम करणाऱ्याची त्यात फसगत होते. शिवाय अनेक चांगल्या वाइड लेन्समध्ये काही भिंगे फोकसबरोबर वेगळी सरकतात, ती त्या त्या अंतराला कोपरे स्वच्छ ठेवण्यासाठी. रिंग दोन मीटरवर आणि विषय अनंतावर असला की ही भिंगे चुकीच्या जागी उभी असतात. मध्य झकास, कोपरे पातळ. आणि दोष मात्र लेन्सच्या माथी मारला जातो.

आता थोडे मागे जायला हवे, कारण वाइड लेन्स आजच्यासारख्या का दिसतात हेही माउंटनेच ठरवले आहे.

एसएलआर कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढे आरसा असतो. त्याला वर-खाली व्हायला जागा लागते, म्हणून लेन्स चाळीसेक मिलिमीटर पुढे उभी करावी लागते. पण साध्या रचनेच्या २० मिमी लेन्सला फिल्मपासून २० मिमीच्या आसपास उभे राहायचे असते. निकॉन एफच्या सुरुवातीच्या काळात २१ मिमीची एक लेन्स होती. ती लावण्यापूर्वी आरसा वर करून अडकवून ठेवावा लागे, कारण तिचा मागचा भाग थेट आरशाच्या जागेत घुसत असे. मग कॅमेऱ्याच्या डोळ्यातून काही दिसणार नाही. वर वेगळा व्ह्यूफाइंडर लावायचा. या अडचणीवरचा कायमचा उपाय फ्रान्समधल्या पिएर आँजेन्यू यांनी त्याआधीच, १९५० मध्ये आणला होता. दुर्बीण उलटी धरावी तशी रचना: पुढे किरण फाकवणारी भिंगे, मागे गोळा करणारी. त्यामुळे लेन्स प्रतिमेपासून तिच्या फोकल लेंथपेक्षा बरीच लांब उभी राहू शकते. त्यांच्या लेन्सचे 'रेट्रोफोकस' हे नाव पुढे या सगळ्या जातीलाच चिकटले. वाइड लेन्सचे पुढचे भिंग डोळ्याच्या बुबुळासारखे फुगलेले आणि अंग वजनदार का असते, याचे उत्तर एफ आणि ईएफ माउंटच्या त्या चाळीसेक मिलिमीटरमध्ये आहे.

या जड लेन्सचा एक गुण मिररलेसच्या काळात उघड झाला. त्यांच्यातून निघालेले किरण सेन्सरवर बऱ्यापैकी सरळ पडतात. याउलट आरसा नसलेल्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या वाइड लेन्स चिमुकल्या, सुबक, आणि त्यांचे मागचे भिंग फिल्मला जवळजवळ चिकटलेले. फोइग्टलेंडरची १५ मिमी एफ/४.५ ही १९९९ मधली लेन्स हे याचे उत्तम उदाहरण. मुठीत मावेल एवढी, फिल्मवर अप्रतिम. लायकाच्या एम माउंटचे फ्लँज अंतर २७.८ मिमी आणि सोनीचे १८, म्हणजे अडॅप्टरला जागा भरपूर. २०१३ मध्ये सोनी ए७ हा फुल फ्रेम मिररलेस आला तेव्हा अनेकांनी हौसेने ही लेन्स त्यावर चढवली. बसली, अगदी घट्ट बसली. पण फ्रेमच्या दोन्ही कडांना जांभळट झाक आली आणि कोपऱ्यांतला तपशील पुसला गेला. कडेचे किरण फार तिरपे पडत होते, आणि सोनीच्या सेन्सरवरची काच लायकाच्या काचेपेक्षा बरीच जाड होती. तिरपा किरण जाड काचेतून जाताना वाट चुकतो. त्या लेन्सची तिसरी आवृत्ती २०१५ मध्ये नव्या रचनेसह आली. ती पहिलीपेक्षा लांब आणि जड आहे. २०१६ मध्ये तीच सोनी ई माउंटमध्ये, इलेक्ट्रॉनिक संपर्कांसह मिळू लागली. माझे मत मी इथेच सांगून टाकतो: जुनी वाइड नव्या मिररलेसवर लावायची असेल तर एसएलआरची बोजड लेन्स घ्या, रेंजफाइंडरची देखणी लेन्स त्याच घराण्याच्या बॉडीवर राहू द्या.

अडॅप्टरचा प्रवास नेहमी एकाच दिशेने होतो. लांब अंतराची लेन्स आखूड अंतराच्या बॉडीवर जाते, उलट नाही. निकॉन एफची लेन्स कॅनन ईएफच्या बॉडीवर अडीच मिलिमीटरच्या कड्याने जाते. कॅननची निकॉनवर जायची तर ती बॉडीत अडीच मिलिमीटर आत रुतवावी लागेल. हे एवढे साधे वजाबाकीचे गणित न केल्यामुळे पैसे वाया घालवलेले पुष्कळ लोक मी पाहिले आहेत.

बाहेरच्या कंपन्यांना हे गणित फार आधी उमगले होते. टॅमरॉनचा पूर्वज असलेल्या तैसेई कोगाकू या कंपनीने १९५७ मध्ये टी माउंट काढला. त्याचे अंतर ५५ मिमी, म्हणजे तेव्हाच्या ३५ मिमी फिल्मच्या एसएलआरपेक्षा जास्त. लेन्स एकच बनवायची आणि कॅमेऱ्याप्रमाणे मागे पातळ-जाड कडे लावायचे. आपल्याकडचे आकाशनिरीक्षक आजही दुर्बिणीला कॅमेरा जोडताना टी-रिंग वापरतात, ती याच माउंटची. पुढे टॅमरॉनने ॲडाप्टॉल आणि १९७९ मध्ये ॲडाप्टॉल-२ ही पद्धत आणली. त्यात कड्याबरोबर ॲपर्चरची यांत्रिक जोडणीही बदलायची. कॅमेरा बदलला तर लेन्स नव्हे, कडे विकत घ्यायचे. सिग्मा ही कंपनी १९६१ मध्ये मिचिहिरो यामाकी यांनी सुरू केली, आणि तिचे पहिले उत्पादन लेन्सच्या मागे लावायचा कन्व्हर्टर होते. लेन्स आणि बॉडी यांच्या मधली जागा हेच या मंडळींचे मूळ क्षेत्र. यांत्रिक काळात त्यांनी ते चोख सांभाळले, कारण तरफ आणि कडे यांचे माप घेता येत होते. बाजारातून एक कॅमेरा आणायचा, कॅलिपर लावायचा, आणि काम सुरू.

१९८७ मध्ये कॅननने ईएफ माउंट आणला आणि माप घेण्याजोगे फारसे काही उरले नाही. जुना एफडी माउंट कंपनीने एका झटक्यात सोडला. नव्या लेन्सवर ॲपर्चरची रिंग नव्हती, बॉडीतून येणारी तरफ नव्हती. मोटर लेन्सच्या आत, ॲपर्चरही विजेवर, आणि मध्ये सोन्याचा मुलामा दिलेल्या छोट्या टिकल्यांची रांग. त्या टिकल्यांतून जी भाषा बोलली जाते ती कंपनीने इतरांना सांगितली नाही. बाहेरच्या कंपन्या ती ऐकून ऐकून शिकल्या. ऐकीव भाषेत होते तेच झाले: आजचे संभाषण जमले, उद्याच्या बॉडीने नवा शब्द वापरला की गाडी अडली. फिल्मच्या काळातल्या सिग्माच्या काही ईएफ लेन्स डिजिटल ईओएसवर लावल्या तर पूर्ण उघड्या ॲपर्चरला फोटो निघतो, ॲपर्चर थोडे बंद केले की पडद्यावर एरर येतो. सिग्माने त्यांतल्या काहींची चिप बदलून दिली. चिप संपल्यावर तो मार्गही संपला. २०१३ मध्ये निकॉन डी ५३०० आला तेव्हाही सिग्माला काही लेन्ससाठी नवे फर्मवेअर काढावे लागले होते. त्याच सुमारास कंपनीने यूएसबी डॉक विकायला काढला, त्यामुळे नव्या पिढीच्या लेन्सचे फर्मवेअर घरच्या संगणकावर बदलता येऊ लागले. टॅमरॉनचा टॅप-इन कन्सोलही तशाच कामाचा. सेकंड हँड थर्ड पार्टी वाइड घेताना मी पहिल्यांदा हेच पाहतो, की हिचे फर्मवेअर मला बदलता येईल की नाही. काचेवरचा बारीक ओरखडा मी सोडून देतो. ही गोष्ट सोडत नाही.

निकॉनची कथा वेगळी आणि आपल्याकडच्या वाचकासाठी जास्त महत्त्वाची, कारण डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या बॉडी आपल्याकडे घरोघरी आहेत. एफ माउंट १९५९ पासून बाहेरून तसाच राहिला. पण ऑटोफोकसची मोटर पूर्वी बॉडीत असे. माउंटच्या कड्यातून स्क्रूड्रायव्हरच्या टोकासारखा एक दांडा बाहेर येई आणि लेन्सच्या खाचेत बसून ती फिरवी. २००६ मध्ये डी ४० आला आणि त्यातून ही मोटर काढून टाकलेली होती. त्यानंतरच्या सगळ्या छोट्या बॉडी तशाच. आता वर उल्लेख केलेली टोकिनाची ११-१६ घ्या. तिच्या निकॉनसाठीच्या पहिल्या आवृत्तीत मोटर नव्हती. डी ७००० वर ती सुरेख चालते. डी ५१०० वर तितकीच सुरेख बसते, 'टक्' आवाजही तोच, पण ऑटोफोकस नाही. २०१२ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत मोटर घातली गेली. सेकंड हँड बाजारात दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात, दोन्ही निकॉनच्याच म्हणून. सिग्माची जुनी १०-२० मिमी मात्र स्वतःची मोटर घेऊन येते, म्हणून ती या सगळ्या बॉडींवर फोकस करते. मोटर नसलेली लेन्स हाती असेलच तर निराश होऊ नका. व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका हाताने फोकस करतानाही पेटतो, आणि निसर्गचित्रांसाठी तेवढे पुरते. लग्नात मात्र ती नेऊ नका.

'पुरते' हा तिसरा शब्द इथे आपोआपच आला. लेन्स बसली, चाललीही, पण सेन्सरला पुरली का? कॅननने २००३ मध्ये क्रॉप सेन्सरसाठी ईएफ-एस माउंट काढला तेव्हा अशा लेन्स फुल फ्रेमवर बसणारच नाहीत अशी यांत्रिक व्यवस्था केली. बाहेरच्या कंपन्यांनी मात्र क्रॉप सेन्सरच्या वाइडना साधा ईएफ माउंटच दिला. म्हणून कॅननची स्वतःची १०-२२ फुल फ्रेमवर बसत नाही आणि टोकिनाची ११-१६ बसते. ११ वर फ्रेमभोवती काळे वर्तुळ दिसते, १६ च्या आसपास ते जवळजवळ नाहीसे होते. फुल फ्रेमवाल्याला ती १६ मिमीची एकच लेन्स म्हणून वापरता येते, हे त्या लेन्सच्या खोक्यावर कुठे लिहिलेले नसते. उलट दिशेने मात्र तोटाच आहे. फुल फ्रेमची महागडी १४ मिमी क्रॉप सेन्सरवर लावली की तिचा कोन २१ मिमीसारखा होतो आणि वजन मात्र तेवढेच राहते.

मिररलेस माउंटबद्दल पुस्तकात तीन मोठी प्रकरणे आहेत, त्यामुळे इथे थोडक्यात. सोनीने २०११ मध्ये ई माउंटचा मूळ तपशील इतर लेन्स बनवणाऱ्यांना विनामूल्य द्यायचे ठरवले. आज त्या माउंटवर बाहेरच्या वाइड लेन्सची जी रेलचेल आहे तिचे मूळ त्या निर्णयात आहे. २०१८ मध्ये लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा यांनी एल माउंटसाठी हातमिळवणी केली. त्या घरात सिग्मा पाहुणी नाही, घरचीच आहे. निकॉन झेडचे फ्लँज अंतर १६ मिमी, या सगळ्यांत आखूड; इतके की सोनीच्या लेन्ससाठीही दोन मिलिमीटरची फट उरते आणि त्या फटीत मावणारे इलेक्ट्रॉनिक अडॅप्टर लोकांनी बनवले आहेत. कॅननने आरएफ माउंटची दारे बराच काळ घट्ट बंद ठेवली. एप्रिल २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉन यांनी परवान्यासह आरएफ लेन्स जाहीर केल्या. टॅमरॉनची पहिली होती ११-२० मिमी एफ/२.८, आणि सिग्माच्या यादीत १०-१८ मिमी होती. पण त्या घोषणेतल्या सगळ्याच लेन्स क्रॉप सेन्सरच्या होत्या. ४५ मेगापिक्सेलच्या ईओएस आर५ वर त्या लावल्या की कॅमेरा आपोआप फ्रेम कापतो आणि हाती साधारण १७ मेगापिक्सेल उरतात. बसते, चालते, पुरत नाही.

आरएफवाल्यांना माझा सल्ला म्हणून साधा आहे: ईएफमधली फुल फ्रेम वाइड सेकंड हँड घ्या आणि कॅननच्याच २४ मिमी जाडीच्या अडॅप्टरवर लावा. त्या अडॅप्टरचा एक प्रकार असा आहे की फिल्टर त्याच्या पोटात सरकवता येतो. पुढचे भिंग फुगलेल्या ज्या वाइडना फिल्टर लावणे एरवी अवघड असते, त्यांना तो मागून मिळतो. भंडारदऱ्याच्या धबधब्याचे पाणी रेशमासारखे दाखवायचे असेल तर या सोयीची किंमत कळते.

वजनाचा विचार करणाऱ्यांसाठी एकच जोडी सांगतो. सिग्माची १४-२४ मिमी एफ/२.८ एसएलआरसाठी २०१८ मध्ये आली, वजन ११५० ग्रॅम. तीच फोकल लेंथ आणि तेच ॲपर्चर असलेली मिररलेसची लेन्स २०१९ मध्ये आली, वजन ७९५ ग्रॅम. आरशाची जागा गेल्याने काय फरक पडतो ते पाठीवर सॅक घेऊन गड चढणाऱ्याला वेगळे सांगायला नको. पण पहिली लेन्स अडॅप्टरने मिररलेसवर येते, दुसरी एसएलआरवर कधीच जाणार नाही. घरात दोन्ही प्रकारच्या बॉडी असतील तर जड लेन्सच शहाणपणाची.

आणि ज्यांच्याकडे फारसे पैसे नाहीत, ज्यांना तारे आणि डोंगर टिपायचे आहेत, त्यांच्यासाठी साम्यांगची हाताने फोकस करायची १४ मिमी एफ/२.८. तिच्या साध्या आवृत्तीत ना मोटर, ना चिप. कॅननच्या बॉडीवर ती लावली की ॲपर्चरच्या जागी '००' दिसते. घाबरायचे नाही, ॲपर्चर लेन्सवरच्या रिंगने बदलायचे. तिला कुठलीही भाषा बोलायची नसल्यामुळे कुठल्याही नव्या फर्मवेअरने ती बंद पडत नाही. रिंगवरच्या अंतराच्या खुणांवर मात्र विसंबू नका; पडद्यावर एखादा ठळक तारा मोठा करून फोकस पक्का करा आणि रिंगला चिकटपट्टी लावा.

पुस्तकातली कोष्टके माउंटच्या नावाने नाहीत, बॉडीच्या मॉडेलच्या नावाने आहेत. 'निकॉनला चालते का' या प्रश्नाला उत्तर नाही, 'डी ५६०० ला चालते का' याला आहे. विकत घेण्यापूर्वी आपली स्वतःची बॉडी दुकानात न्या. लेन्स पूर्ण उघडून, रिंग अनंतावर ठेवून लांबच्या इमारतीचा एक फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून पाहा. मग ॲपर्चर बंद करून दुसरा काढा. पाच मिनिटांचे काम आहे आणि चांगला दुकानदार त्याला नाही म्हणत नाही.

प्रत्येक कोष्टकाच्या उजवीकडे मी मुद्दाम एक रकाना कोरा ठेवला आहे. आपली लेन्स, बॉडी, फर्मवेअरची आवृत्ती आणि तपासल्याची तारीख तिथे पेन्सिलीने लिहा. पेनने नको; पुढच्या अपडेटनंतर खोडावे लागेल.